साकवाचा कौल

सरकारी समारंभात एखादा अधिकारी माइक हातात घेऊन "ही तर परमेश्वराचीच इच्छा" असं म्हणाला की मी हळूच उठतो आणि चपला शोधायला लागतो. बायकोला माझं हे चपला शोधणं आता पाठ झालंय. मागे आमच्या भागातल्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं, तेव्हा तिनं मागून माझा शर्टच धरून ठेवला. "बसा गप. लोक नास्तिक म्हणतील." मी बसलो. साहेब सांगत होते की टाकीची जागा त्यांना पहाटे स्वप्नात दिसली. टाकीत पाणी अजून आलं नव्हतं. ते बहुधा पुढच्या स्वप्नात यायचं होतं.

नास्तिक मी नाही. असून परवडलंही नसतं, कारण आमचं घरच देवाच्या जिवावर चालायचं. बाबा गावचे गुरव. देवळाची झाडलोट, पूजा, दिवाबत्ती त्यांच्याकडे, आणि गावाचं काही अडलं की देवाला कौल लावणंही त्यांच्याकडेच. ज्यांनी कौल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला पाण्यानं एकेक पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा, आणि कुठली पाकळी आधी सुटून पडते ते बघत बसायचं. उजवी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. हरवलेली म्हैस, लांबलेलं लग्न, भावाभावांतला बांध, सगळं ह्या दोन पाकळ्यांवर सुटायचं. निदान सुटलं असं सगळे मान्य करायचे, आणि खेड्यात त्यालाच सुटणं म्हणतात.

मी बोलायला मुळातच कमी. आणि ही गोष्ट तर इतकी वर्षं पोटात ठेवली की आता ती बाहेर काढताना जुनी ट्रंक उघडावी तसा वास येतोय. पण सांगतो.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी रत्नागिरीत एका कचेरीत कारकून होतो. कुठली कचेरी ते विचारू नका. जिल्ह्यातले लहानसहान रस्ते, विहिरी, साकव आमच्या टेबलांवरून जायचे, एवढं पुरे. नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते आणि मला जगात एकाच गोष्टीची भीती वाटायची, ती म्हणजे मंडणगड. कचेरीत कुणी तोंड वर करून बोललं की बाकीचे नुसते उत्तरेकडे बघायचे. जिल्ह्याचं ते टोक, बदली करायची जागा. डोंगरात कुठेतरी. मी तोवर मंडणगड पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे भीती अगदी निर्भेळ होती.

तर अशा वेळी घाटावरून एक नवे साहेब आले. माणूस सज्जन. पैसे खात नव्हते. खाल्ले असते तर सगळ्यांनाच सोपं गेलं असतं, निदान दर तरी ठरला असता. पण साहेबांना हवी होती देवाची संमती, आणि तिचा दर कुणालाच माहीत नव्हता.

आल्याबरोबर त्यांनी लोखंडी कपाटावर देव्हारा मांडला. देव्हाऱ्याला रोज हार. हार असा लांब की तो कपाटाच्या दोन्ही दारांवरून खाली यायचा, आणि देवाचा हार मोडून कपाट उघडायची कुणाची छाती? त्यामुळे त्या कपाटातली प्रकरणं हार सुकेपर्यंत देवाच्या ताब्यात राहायची. शनिवारी कचेरी उघडली की आरती. बाहेर लांजा-राजापुराकडून पहाटेची एस्टी धरून आलेली माणसं उभी, आत आम्ही टाळ्या वाजवतोय. आरतीचे पैसे आमचेच, पण तेवढा वेळ काम नाही म्हणून आम्ही खूष. खोटं कशाला बोलू, मीही खूष होतो. शिरा चांगला असायचा.

मग राहुकाळ आला. राहुकाळात साहेब सही करत नसत. शिपायानं त्याचा तक्ताच दारावर चिकटवला. राहुकाळ रोज वेगळ्या वेळेला येतो आणि जेवणाची सुट्टी ठरलेल्या वेळेला. दोन्ही एकामागोमाग आले की दुपारची कचेरी संपलीच. लोक एस्टीच्या वेळापत्रकाआधी आमचा तक्ता बघून घरून निघायला लागले.

जीपचा ड्रायव्हर होता खाडीकाठचा, मुसलमान, माझ्याच गावच्या मोहल्ल्यातला. सगळे त्याला भाई म्हणत. त्याला रोज सकाळी जीपच्या चाकाखाली लिंबू ठेवावं लागे. त्याची काही हरकत नव्हती. "साहेब, ठेवताव आमी लिंबू," तो म्हणायचा, "पन जरा टायराकडं पन बगा. देवाला बी वाटत आसंल, निस्तं लिंबूच नवं आनतायत."

साहेब हसायचे. त्यांना विनोद कळायचा. फक्त तो आपल्यावर आहे हे कळायचं नाही.

आता बाईंबद्दल. बाई माझ्या गावच्या शाळेत शिक्षिका. रत्नागिरीहून रोज एस्टीनं फाट्यावर उतरायच्या. फाट्यावरून शाळेला जायचं तर मधे ओढा, आमच्याकडे वहाळ म्हणतात. उन्हाळ्यात त्यात गुरं बसतात. पावसाळ्यात तोच वहाळ असा येतो की पलीकडच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागतं. शाळा पलीकडे, मोहल्ला आणि खालची वाडी पलीकडे, आणि निम्मी पोरं अलीकडे. पाणी चढलं की बाई अलीकडे अडकायच्या. आधीच पोचलेल्या असल्या तर पलीकडे अडकायच्या आणि कुणाच्या तरी घरी राहायच्या. "आज ह्यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे," त्या म्हणायच्या. "पोरांना पाढे आले नाहीत, पण मला सगळ्या वाडीची भांडणं तोंडपाठ झाली." वहाळावर एक साकव हवा, म्हणजे पायी जायचा लहानसा पूल, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि त्यासाठी त्या आमच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवत होत्या. ओव्हरसियर जागा बघून आला होता. शाळेच्या उतारावर दोन्हीकडे कातळ आहे, साकव तिथेच व्हावा, असं त्यानं लिहून दिलं होतं.

पण पैसे एकाच साकवाचे, आणि गावच्या मानकऱ्यांना तो वर देवळापाशी हवा होता. देवाकडे कोरड्या पायांनी जाता यावं म्हणून. आता आमच्या देवाची पालखी निघते शिमग्यात. शिमग्यात त्या वहाळात बेडूकसुद्धा नसतो. पण मानकरी कचेरीत नारळ घेऊन आले, आणि बाई नुसता अर्ज घेऊन यायच्या.

एकदा बाई आल्या त्या नेमक्या राहुकाळात.

"साहेब आहेत का रे?"

"आहेत बाई, पण राहू आहे."

"आत बसलाय? मग बाहेर येईपर्यंत थांबते की." बाकावर बसून त्यांनी छत्री मांडीवर आडवी घेतली. "काय कामाला आलाय? त्याचाही साकव अडकलाय का?"

मला हसू आलं आणि मी ते ताबडतोब गिळलं. आत साहेब ऐकत होते. राहू गेल्यावर त्यांनी बाईंना बोलावलं, चहा पाजला आणि सांगितलं, "बाई, तुमचं म्हणणं योग्य आहे. मानकऱ्यांचंही योग्य आहे. मी कोण ठरवणार?"

"साहेब, तुम्हीच," बाई म्हणाल्या. "त्याचाच तुम्हाला पगार आहे ना?"

त्या गेल्यावर साहेब बराच वेळ देव्हाऱ्याकडे बघत बसले. मग त्यांनी मला हाक मारली. "तू त्याच गावचा ना? गुरवाचा?" मी मान डोलावली. "तुमच्याकडे कौल लावतात म्हणे. मग झालं तर! मी ठरवलं की कुणीतरी नाराज होणार, वर तक्रार जाणार. देवानं सांगितलं की कोण तक्रार करणार, आणि कुणाकडे?" त्यांचा चेहरा इतका निवळला होता की मला त्यांची दया आली. "येत्या रविवारी लावू. देवळात, सगळ्यांसमोर."

मी घरी गेलो. बाबा अंगणात माडाच्या पातीचे हिर काढून केरसुणी बांधत बसले होते. सगळं सांगितलं.

"त्या ओव्हरसियरनं काय सांगितलंन?" बाबांनी विचारलं.

"खालच्या उतारावर."

"बाईंना खंय पायजे?"

"खालीच."

"न् तुला?"

"खालीच."

"मंग देवाला कशाला उठवतायसा?" बाबांनी केरसुणी गच्च आवळली. "ज्याला उत्तर ठाव हाय त्यानं इचारू न्हये. देव काय तुज्या सायबाच्या हाताखालचा कारकून हाय, सही मारायला?"

"साहेब म्हणतात, देवानं सांगितलं की तक्रार राहत नाही."

"आरं, तक्रार ऱ्हायलाच पायजे! सरकार हाय ना तां? म्हस हरवली तर सरकारला घेनं-देनं न्हाय, म्हून आमी देवाला इचारताव. साकव तर सायबाच्या टेबलावरच हाय, तो कुठं हरवलाय?"

मी म्हटलं, "बाबा, नाही म्हटलं तर मला मंडणगडला टाकतील."

बाबांनी केरसुणी खाली ठेवली. मग म्हणाले, "सायबाला सांग, गुरवाची कंबर दुकते." त्या दिवसापर्यंत बाबांची कंबर कधी दुखली नव्हती. पुढे चांगली आठवडाभर दुखली, म्हणजे कौल उरकेपर्यंत. गुरव आजारी असेल तर कौल गुरवाचा मुलगा लावतो. हे बाबांना माहीत होतं, साहेबांना कळायला वेळ लागला नाही, आणि मी त्यांचा मुलगा होतो.

निघताना मी बाबांना लहानपणापासून विचारायचं राहून गेलेलं विचारलं. "बाबा, पाकळी आपली आपण पडते का हो?"

बाबा केरसुणीकडेच बघत म्हणाले, "देव काय बोलतो तां मला अजून ठाव न्हाय. पानी काय बोलतं तां ठाव हाय."

तेवढ्यात मला सगळं मिळालं. मी जन्मभर त्यांचे हात बघत आलो होतो. कमी ओली पाकळी लवकर सुकते, लवकर सुटते. म्हणजे बाईंना साकव मिळेल, साहेबांना देव मिळेल आणि माझं मंडणगड टळेल. वाटेत एस्टीत बसून मी स्वतःवर इतका खूष होतो की कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं. आपण चांगल्या कामासाठी लबाडी करतोय ह्याच्यासारखं सुख नाही. देवसुद्धा त्यात वाटेकरी आहे असं वाटायला लागतं.

रविवारी सगळा गाव जमला. चैत्राचं ऊन, वहाळ कोरडा. साहेब धोतर नेसून आले होते. मानकरी सभामंडपात, बाई बायकांमध्ये. मोहल्ल्यातली चार जुनी माणसं बाहेर पिंपळाच्या पारावर बसली होती. साकव त्यांनाही हवा होता, पण निकाल आत लागणार होता. त्यांच्यात एक म्हातारे तांडेल होते, जन्म गलबतांवर गेलेला. साहेबांनी त्यांना बाहेर येऊन नमस्कार केला. "चाचा, देव जो कौल देईल तो तुम्हाला मान्य ना?"

"मान्य तर हाय, साहेब," चाचा म्हणाले. "देव तुमचा, वहाळ समद्यांचा. पन औषद चाललं न्हाय, तर दुसऱ्या डागतराला पन दाकवूया हां. तिकडं आमची मशीद हाय."

भाई जीपपाशी उभा होता. तो वळून टायर तपासायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

मी पाषाणासमोर बसलो. डावी पाकळी पाण्यात बुडवून लावली. उजवीला बोटाचा नुसता ओलावा दाखवला. साहेब हात जोडून गंभीर आवाजात म्हणाले, "देवा, सदरहू साकव शाळेच्या खालच्या उतारावर..."

टप्. उजवी पाकळी पडली.

मी पाणी जरा जास्तच कमी लावलं होतं. क्रियापद यायच्या आत देवानं उत्तर दिलं होतं. मला वाटलं, सापडलो. पण साहेबांचे डोळे भरून आले होते. "प्रश्न पुरा होण्याच्या आत!" ते मानकऱ्यांकडे वळले. "केवढं जागृत स्थान!" मानकरी काय बोलणार? आपला देव जागृत नाही असं कुठला मानकरी म्हणेल? बायकांत बाईंनी पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं रडतायत.

तिथे उठलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण साहेबांना देव सापडला होता, आणि सापडलेल्या देवाला माणूस एकच प्रश्न विचारून थांबत नाही. "आता आणखी एक विचार," ते म्हणाले. "काम ह्या पावसाळ्याआधी उरकावं का?"

मागे खांबाआडून खोकला ऐकू आला. दुखऱ्या कंबरेसकट बाबा येऊन उभे होते. तो खोकला कसला होता ते मला कळलं. एका बैठकीला एकच प्रश्न, असा आमच्याकडे नेम आहे, तेवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं. साहेबांनी लगेच मानलं असतं. मला शब्द सुचलेही होते. पण मी साहेबांकडे पाहिलं आणि मला डोंगर दिसला.

मी पाकळ्या घेतल्या. नजर साहेबांवरून हटेना, त्यात पाणी कुठे किती लागलं ते माझं मलाच कळलं नाही. आम्ही बसून राहिलो. माश्या घोंगावत होत्या. कुणाचं तरी पोर रडलं आणि त्याला बाहेर नेलं. मग डावी पाकळी अगदी सावकाश, जणू तिलाही पटत नव्हतं, घसरत घसरत पडली.

"पावसाळ्यानंतर," साहेब समाधानानं म्हणाले. "बरोबर आहे. घाईचं काम त्याला आवडत नाही." पुढे दोन महिने कोरडे पडले होते. ओव्हरसियर म्हणाला होता, दीड महिन्यात साकव उभा करतो. तो काही बोलायला पुढे झाला आणि त्यानंही बहुधा उत्तरेकडे पाहिलं असावं, कारण तो परत मागे गेला.

बाईंनी तोंडावरचा पदर काढला. त्या रडत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

त्यानंतर कचेरीत जे झालं ते आठवून अजून हसू येतं, आणि हसल्याची लाजही वाटते. साहेबांनी कपाटावरच्या देव्हाऱ्यापाशी एक पाषाण आणून ठेवला. रजा, कर्जाऊ उचल, कुणाचं टेबल खिडकीशी, सगळ्याला कौल. लावणारा मी. एका रात्रीत मी कचेरीतला सगळ्यात वजनदार माणूस झालो. लोक "नीट विचार रे" म्हणून कानाशी लागत. माझ्या खोलीवर सुकट, कोकमं, एकदा तर अख्खी सुरमई येऊन पडली. मी शक्यतो सगळ्यांना उजवा द्यायचो. फक्त आवक-जावक सांभाळणाऱ्या एका गृहस्थांची रजा डावी पडली. त्यांनी पूर्वी माझी छत्री नेली होती आणि परत दिली नव्हती. हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या रजेत ते सासुरवाडीच्या लग्नाला जाणार होते. पुढे कितीतरी दिवस ते देव्हाऱ्यासमोर उभे राहून आपलं काय चुकलं ते शोधत असायचे.

पाऊस आला. वहाळ आला. बाई पलीकडून अलीकडे येत होत्या, पोरांना सोडायला. पोरं त्यांनी एकेक करून दोराला धरून पार केली आणि शेवटी स्वतः घसरल्या. मोहल्ल्यातल्या माणसांनी होडी घालून, दोर टाकून त्यांना खाली वळणावर अलीकडच्या काठाला काढलं. पाय मोडला होता. बाजेवर घालून फाट्यापर्यंत आणलं. योगायोगानं भाई त्या दिवशी घरी जेवायला निघाला होता आणि पाण्यामुळे जीपसकट फाट्यावरच अडकला होता. साहेबांना न विचारता, लिंबू न ठेवता त्यानं बाईंना रत्नागिरीच्या दवाखान्यात पोचवलं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "निघालास तेव्हा राहुकाळ होता, माहीत आहे?" भाई म्हणाला, "म्हाईत हाय ना. म्हून तर जोरात हाकली."

मी दवाखान्यात बाईंना भेटायला गेलो. पायाला प्लास्टर, उशाशी छत्री.

"कुठला पाय बाई?" काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं.

"डावा," बाई म्हणाल्या. "कौल डावाच होता ना? देव शब्दाचा पक्का आहे बाबा." आणि हसल्या. शेजारच्या खाटेवरची बाईही हसली. मला मोसंबं सोलायचं होतं, ते काही सोलता येईना.

तिथून मी थेट साहेबांकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता आत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. कोरडी पाकळी, ओली पाकळी, सगळं. निलंबन होईल, मंडणगड होईल, काय व्हायचं ते होऊ दे असं ठरवूनच गेलो होतो. साहेब शांतपणे ऐकत होते. मग उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे वेड्या," ते म्हणाले, "तुझ्या हातून ते त्यानंच करवून घेतलं."

"पण साहेब, दुसरा कौल..."

"त्यात तर तू काहीच केलं नाहीस ना? मग तो अस्सल." आणि त्यांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला.

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. पाकळी खरी पडली तरी देव, खोटी पाडली तरी देव, पाय मोडला तरी देव. साहेबांच्या खोलीला दारच उरलं नव्हतं. अर्जावर वर अपील करता येतं. आता कुठे करणार? मी त्यांना घाबरत होतो तो बदलीमुळे. त्या दिवसापासून मला खरी भीती बसली, आणि ती अशी की पुढे दर अधिकाऱ्याच्या तोंडी देव आला की मी चपला शोधतो.

साकव मात्र झाला. साहेबांनी नव्हे. पाऊस जरा उघडला तसे खालच्या वाडीतले, मोहल्ल्यातले आणि वरचेही लोक कुणी न बोलावता जमले. मानकऱ्यांनी दोन माड दिले. आधी एकच देणार होते, बाईंना बघून आल्यावर दुसराही दिला. चाचांनी दोर आणि गाठी दिल्या. शाळेच्या उतारावर माडांचे सोट टाकून साकव उभा राहिला. हे कळल्यावर साहेब धोतर नेसून, नारळ घेऊन हजर. "बघा," ते म्हणाले, "त्यानं शेवटी करवून घेतलंच." मग सगळ्यांना देवळासमोर नेऊन मला म्हणाले, "गाऱ्हाणं घाल."

गाऱ्हाणं म्हणजे गावच्या वतीनं देवापुढे मोठ्यानं केलेली विनवणी. एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय महाराजा" म्हणायचं. मी पुढे झालो. सगळं तिथेच, सगळ्यांसमोर सांगता आलं असतं. गाऱ्हाण्यात माणूस काहीही बोलू शकतो, मधे कुणी तोडत नाही. समोर खुर्चीवर प्लास्टर घातलेल्या बाई बसल्या होत्या. मी नुसता उभा.

तेव्हा बाबा पुढे आले. कंबर बरी झाली होती.

"बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

"माड मानकऱ्यांनी दिले, दोर खाडीवाल्यांनी दिले, घाम समद्यांनी गाळला."

"व्हय महाराजा!"

"आता तुजं नाव घेवन कुनी आपलं काम तुज्या गळ्यात घालत आसंल..."

"व्हय महाराजा!"

"...तर त्याला आपलं काम आपल्या हातानं करायची बुद्धी दे."

"व्हय महाराजा!" ह्या वेळी पारावरून चाचांचा आणि जीपपासून भाईचाही आवाज आला.

"सरकारी दौतीत शाई ऱ्हाव दे, न् ती राहुकाळात बी वाहू दे!"

आणि साहेब, हात जोडून, डोळे मिटून, सगळ्यांच्या सुरात म्हणाले, "व्हय महाराजा!" म्हणणार नाहीत तर काय? देवासमोर उभे होते. बाई खुर्चीत इतक्या हसल्या की प्लास्टर सावरायला दोन बायका लागल्या.

साहेब यथावकाश बदलून गेले. मला मंडणगडला कधीच जावं लागलं नाही.

बाई निवृत्त होऊन आता रत्नागिरीतच असतात. डाव्या पायानं जरा ओढत चालतात. त्या टाकीच्या उद्घाटनाहून परत येताना मी बायकोला रिक्षात बसवून दिलं आणि बाईंकडे गेलो. पडवीत बसून सगळं सांगितलं. पहिली पाकळी, दुसरी पाकळी, सगळं. छत्रीवाल्या गृहस्थांचं तेवढं ठेवलं.

बाई अबोलीचा गजरा करत होत्या. "एवढंच?" त्या म्हणाल्या.

"एवढंच काय बाई?"

"पहिल्या वेळची लबाडी मला तिथेच कळली होती. मी पदरात हसत होते ते काय उगीच? वाक्य संपायच्या आत कुठला देव उत्तर देतो रे? देवाला घाई असते का?" त्यांनी दोरा दातानं तोडला. "माझा राग त्याच्यावर नाही. दुसऱ्या वेळी तू पाकळी हातात का घेतलीस? नाही लावत, एवढंच म्हणायचं होतंस."

"म्हटलं असतं तर मंडणगडला टाकलं असतं, बाई."

बाईंनी गजऱ्याची गाठ मारली.

"मी होते तिथे चार वर्षं," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावात यायच्या आधी. माणसं राहतात रे तिथे. चांगली आहेत."

मग गजरा बाजूला ठेवून त्या भिंतीला धरून चहा टाकायला उठल्या. मी लगबगीनं आधार द्यायला गेलो, तर त्या तोवर दारापाशी पोचल्या होत्या.

"बस तू," बाई म्हणाल्या. "तुला उठायला उशीरच होतो."